भातुकलीतला बाबा

येत्या रविवारी, २१ जूनला, योग दिन आणि 'फादर्स डे' एकत्र आले आहेत. सकाळी श्वास रोखायचा आणि संध्याकाळी केक कापायचा, असा शहरी बापांचा दिनक्रम असेल. वर्तमानपत्रांत शर्ट, घड्याळे, दाढीची यंत्रे आणि मुदतीचा विमा यांच्या जाहिराती झळकतील. बापाच्या दिवशी त्याला विम्याची आठवण करून देणारा जाहिरातदार धीराचाच म्हणायचा. या दिवसाचा उगम मात्र असा बाजारी नव्हता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या गावी १९ जून १९१० रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला, तो सोनोरा स्मार्ट डॉड यांच्या हट्टामुळे. त्यांची आई बाळंतपणात गेली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. यादवी युद्धात लढलेले त्यांचे वडील विल्यम स्मार्ट यांनी सहा मुले आईविना वाढवली. मातृदिनाला तिथल्या सरकारने १९१४ मध्येच मान्यता दिली. पितृदिन कायद्यात यायला १९७२ साल उजाडले. म्हणजे ज्या बापासाठी हे सारे सुरू झाले तो पोरांचे सगळे करणारा होता. जाहिरातीत आता उरला आहे तो फक्त पाकीट उघडणारा.

या दिवशी बापावर बोलतात ती मोठी झालेली मुले. त्यातही लेकी अधिक. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलग्याला कोणी काही विचारत नाही. 'तुझे बाबा कसे आहेत' हा प्रश्न त्याला पाहुण्यांकडून येतो आणि 'बरे आहेत' एवढ्यावर संपतो. 'तू कसला बाबा होशील' हे तर त्याला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारलेच तर घरातले मोठे कानकोंडे होतील, जणू भलताच विषय निघाला. मुलीच्या बाबतीत प्रश्नही लागत नाही. पाचव्या वर्षी तिच्या हातात बाहुली येते, नवव्या वर्षी धाकटे भावंड कडेवर बसते आणि पंधराव्या वर्षी 'सासरी गेल्यावर कसं व्हायचं तुझं' हे पालुपद सुरू होते. मुलग्याचे बापपण मात्र मिसरुडासारखे वेळ आली की आपोआप फुटेल, अशा भरवशावर आपण बसलेलो असतो.

भातुकली आठवून पाहा. अंगणात किंवा गॅलरीत सतरंजी पसरली आहे, चुरमुरे आणि गूळ-शेंगदाण्यांचा स्वयंपाक चालला आहे, मुलींना श्वास घ्यायला फुरसत नाही. शेजारचा एखादा मुलगा खेळायला आला की त्याला बाबा केले जाते आणि लगेच सांगितले जाते, 'तू आता ऑफिसला जा.' तो पडद्यामागे जाऊन उभा राहतो. थोड्या वेळाने 'आलो गं' म्हणत परततो. त्याला बोळक्यातून लुटुपुटीचा चहा मिळतो, तो पितो, हातात वर्तमानपत्र धरतो, एखाद्या बाहुलीवर 'अभ्यास झाला का?' म्हणून डाफरतो. मग त्याला काही कामच उरत नाही. म्हणून तो पुन्हा ऑफिसला जातो. दोन-तीन फेऱ्यांनंतर कंटाळून क्रिकेट खेळायला पळतो, आणि खेळ त्याच्यावाचून सुरळीत चालू राहतो. पाच-सहा वर्षांच्या पोरांनी उभे केलेले बापाचे हे चित्र समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही इतके नेमके आहे. बाप म्हणजे बाहेर जाणारा आणि परत येणारा. परत आल्यावर काय करायचे, हे त्या नाटकात लिहिलेलेच नाही.

पुढे शाळाही ते लिहीत नाही. मराठीच्या पेपरात कल्पनाप्रधान निबंधाची आपली जुनी परंपरा आहे. 'मी पंतप्रधान झालो तर', 'मी मुख्याध्यापक झालो तर', 'मला पंख असते तर'. पंख कोणालाच फुटणार नसतात आणि पंतप्रधान होण्याची शक्यता वर्गातल्या कोणाच्याही नशिबी जवळपास शून्य असते. तरी त्यावर दोन-दोन पाने लिहून घेतली जातात. वर्गातले बहुतेक मुलगे ज्या एका गोष्टीला पुढे हमखास सामोरे जाणार आहेत, तिच्यावर मात्र दोन ओळीही नाहीत. 'माझे बाबा' या विषयावर लिहायला सांगितले की मार्गदर्शकातला फणस बाहेर येतो: वरून काटेरी, आतून गोड. निम्मा वर्ग फणस लिहितो, उरलेला नारळ. तपासणाऱ्या बाईंनाही सवय झालेली असते.

नववीच्या मुलग्यांना 'तुम्ही बाबा झालात तर' असे सहज विचारून पाहा. आधी हशा पिकतो. कोपराने कोपराला ढोसले जाते, मागच्या बाकावरून 'सर, ह्याचं ठरलंय' असा आवाज येतो. हशा ओसरल्यावर जी उत्तरे येतात ती साधारणपणे दोन प्रकारची असतात. एक, 'पोराला बुलेट घेऊन देईन', 'चांगल्या शाळेत घालीन', 'त्याला काही कमी पडू देणार नाही'. दुसरा प्रकार नकाराचा. 'मारणार नाही', 'दारू पिणार नाही', 'दुसऱ्याच्या पोराचे मार्क सांगून बोलणार नाही', 'पाहुण्यांसमोर ओरडणार नाही'. पहिल्या उत्तरांची बेरीज रुपयांत करता येते. दुसऱ्या उत्तरांत त्यांच्या स्वतःच्या घरातला बाप दिसतो, आणि ती सांगताना मुले बहुधा हसत नाहीत. या दोहोंच्या मधला जो मोठा प्रदेश आहे, रात्री उठणे, ढुंगण धुणे, तापात उशाशी बसणे, केस विंचरून देणे, शाळेतून रडत आलेल्या पोराला काही न विचारता जवळ घेणे, तिथून एकही उत्तर येत नाही. मुले निर्दय असतात म्हणून नव्हे. बापाला हे करताना त्यांनी एक तर पाहिलेले नसते, किंवा पाहिलेले असले तरी 'आज आई आजारी आहे' या अपवादाखाली पाहिलेले असते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत याचा हिशेब आहे. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करण्यात दिवसाचा काही वेळ घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४. म्हणजे दर पाच पुरुषांतले चार जण त्या दिवशी घरातल्या लहानग्याला किंवा म्हाताऱ्याला हातही लावत नाहीत. वाढत्या वयाचा मुलगा ही पाहणी वाचत नाही, पण तो रोज त्याच घरात जेवायला बसतो.

मराठी मुलग्याचे बापाशी असलेले नाते शाळेत आणखी एका वाटेने घट्ट होते, आणि बिघडतेही. त्याच्या नावाच्या मधोमध बापाचे नाव असते. हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकावर, दहावीच्या प्रवेशपत्रावर. (१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव बापाच्या नावाआधी आणले. उशिरा का होईना, बरे झाले. पण आजच्या नववीला त्याचा उपयोग नाही.) सहावी-सातवीत पोरांना हे मधले नाव सापडते आणि मग एकमेकांना बापाच्या नावाने हाका मारणे सुरू होते. 'ए दत्तात्रय, इकडे ये!' यावरून मधल्या सुट्टीत किती शर्टांची बटणे तुटली असतील याची गणती नाही. बापाशी घरात धड चार वाक्ये न बोलणारा मुलगाही त्याच्या नावासाठी मारामारीला उभा राहतो. हे प्रेम आहे, अब्रू आहे, की नुसती मालकी, हे त्याला सांगता येणार नाही. पण याच वयात त्याच्या मनात बापाचा निवाडा सुरू झालेला असतो, आणि त्या कोर्टात न्यायाधीश म्हणून बसलेले असतात ते वर्गमित्र.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त हा निवाडा जितका उघडा दिसतो तितका मराठीत क्वचितच कुठे दिसला असेल. २०१४ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा चर्चा झाली ती जातीची आणि शेवटच्या दगडाची. ती व्हायलाच हवी होती. पण त्यात एक बाप आणि एक शाळकरी मुलगाही आहे. जब्याला शाळेत जायचे आहे, वर्गातल्या शालूच्या नजरेत चांगले दिसायचे आहे. गावात जत्रा आहे म्हणून डुकरे पकडायचे काम त्याच्या बापाच्या, कचरूच्या, गळ्यात पडते आणि ते शाळेच्या आवारालगत, साऱ्या वर्गाच्या देखत करायचे आहे. किशोर कदमांचा कचरू घामाघूम होऊन धावतो, हात जोडतो, पोराला हाका मारतो; आणि जब्या भिंतीआड लपतो. बाप चिडतो, मारतो. प्रेक्षक म्हणून आपल्याला कळते की हे काम गावाने त्या घरावर लादलेले आहे आणि शरम वाटायची तर ती गावाला वाटायला हवी. चौदा वर्षांच्या मुलाला तेव्हा एवढेच दिसते की आपला बाप सगळ्यांसमोर वाकला आहे. बापाच्या वाकण्याची शरम आणि बापाला वाकवणाऱ्यांचा संताप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे उमगायला जब्याला तो चित्रपट संपेपर्यंत वेळ लागतो. कित्येक मुलांना जन्म पुरत नाही. रिक्षा चालवणारा, वॉचमनचा गणवेश घालणारा, हातगाडी लावणारा बाप शाळेच्या फाटकाशी आला की पोरगा रस्त्याच्या पलीकडून चालू लागतो, तेव्हा तो मनाशी ठरवत असतो की मी असा बाप होणार नाही. 'असा' म्हणजे गरीब, एवढेच त्याला म्हणायचे असते. ते ठरवताना त्या बापाने पहाटे उठून त्याची सायकल पुसून ठेवली होती हेही त्याच्यासोबत टाकून दिले जाते.

आता जी मुले नववीत बसली आहेत त्यांच्याबाबत मात्र एक वेगळी गोष्ट घडलेली आहे. ही मुले २०१९ च्या जूनमध्ये दुसरीत होती. त्याच वर्षी 'बालभारती'ने दुसरीची नवी पुस्तके आणली आणि त्यातल्या एका चित्रात आई आणि बाबा शेजारी बसून पालेभाजी निवडत होते. तेव्हा त्याची बातमी झाली, कौतुक झाले. भाजी निवडणारा बाप ही बातमी व्हावी यातच सगळे आले. त्या पुस्तकाचे शैक्षणिक वर्ष संपता संपता, २५ मार्च २०२० पासून, देश बंद झाला आणि बाप खरोखरच घरात येऊन बसला. भातुकलीतल्या त्या मुलाला ऑफिसच उरले नाही. सात-आठ वर्षांच्या या पोरांनी मराठी मुलांच्या कोणत्याही पिढीने इतके सलग पाहिले नसेल असे काही पाहिले: दुपारी बारा वाजता घरात असलेला बाप. काहींनी कणीक मळणारा बाप पाहिला. काहींनी लॅपटॉपसमोर साहेबाची बोलणी खाणारा बाप पाहिला. काहींनी पगार थांबल्यावर भिंतीकडे बघत बसलेला पाहिला, काहींनी हात उचलणारा. चांगले-वाईट दोन्ही पाहिले, पण पाहिले. त्यांच्या मनात बाप म्हणजे केवळ दाराबाहेर पडणारी पाठ राहिली नाही. त्या दिवसांबद्दल या मुलांना कोणी नीट विचारले आहे काय? शाळा सुरू झाल्या आणि सगळ्यांना घाई झाली ती बुडालेला अभ्यासक्रम भरून काढण्याची.

काहींचे बाप त्या साथीतून परतलेच नाहीत. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच करोनाने दीड लाखाच्या आसपास माणसे गेली. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांनी त्याआधी कित्येक वर्षे हेच चालवले होते, आणि ते थांबलेले नाही. अशा घरात दहाव्याला डोके भादरलेला मुलगा टोपी घालून शाळेत परततो. त्या दिवसापासून वर्गात कोणी त्याला बापाच्या नावाने हाक मारत नाही. हा नियम पोरांना कोणी शिकवलेला नसतो. मोठ्यांना मात्र इतकीही समज नसते. तेराव्याच्या जेवणावरून उठणारा प्रत्येक काका-मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, 'आता तूच घरचा कर्ता. आईला, बहिणीला सांभाळायचं.' चौदाव्या वर्षी त्याला बापपण मिळते ते असे, आणि त्यात रडायला वाव नसतो. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. ती मिळावी, वेळेवर मिळावी. पण त्या मुलाला कोणीतरी हेही सांगायला हवे की तू बाप नाहीस, तू मुलगा आहेस, आणि अजून काही वर्षे तसाच राहा.

बापपण लवकर अंगावर पडण्याचा दुसरा रस्ता बीडहून साखर कारखान्यांकडे जातो. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा असला की तो कोपीवर थांबतो आणि धाकट्याला सांभाळतो. दूध ऊन करणे, झोळीला झोका देणे, रडे थांबेना तर फडापर्यंत चालत जाऊन आईला गाठणे हे सारे तो करतो. त्या मुलांइतके बाळ सांभाळणारे मुलगे शहरातल्या कोणत्याही वातानुकूलित सोसायटीत सापडायचे नाहीत. गंमत अशी की हे कसब कोणी मोजत नाही. मुलाला स्वतःलाही ते मिरवावेसे वाटत नाही. शाळेत परतल्यावर तो कारखान्याच्या, ट्रॅक्टरच्या गोष्टी सांगतो, झोळीची सांगत नाही. मुकादमाची उचल कोयत्यावर, म्हणजे जोडीवर मिळते. म्हणून अठरा-एकोणीसचा झाला की त्याचे लग्न उरकतात. कायद्याने मुलग्याचे वय एकवीस हवे, तेही पाळले जात नाही, आणि त्याची बायको तर बहुधा त्याहून लहान असते. मुलीच्या बालविवाहावर आपण बोलतो, ते योग्यच. पण त्या लग्नात दुसरीकडे उभा असलेला पोरगा विशीत बाप होतो तेव्हा त्याने त्या बापपणाबद्दल कोणतीही कल्पना केलेली नसते. त्याच्यासाठी तो पुढचा हंगाम असतो.

शहरी, सुस्थित मुलग्याची कल्पनाशक्ती पडद्यावर वाढते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेला 'अॅनिमल' हा चित्रपट प्रौढांसाठीच होता, पण नववी-दहावीतल्या किती पोरांनी तो मोबाइलवर पाहिला हे पालकांनी न विचारलेलेच बरे. त्या नायकाचा सगळा रक्तपात म्हणे बापाने लहानपणी वेळ दिला नाही म्हणून. रोगाचे निदान बरोबर आणि औषध विष, असा तो प्रकार. त्यातून मुलाच्या डोक्यात बसते ते एवढेच की बाप मिळाला नाही तर बंदूक घ्यावी.

त्यापेक्षा क्रिकेटने या मुलांना अधिक शिकवले, असे आमचे मत आहे. १९७६ मध्ये सुनील गावसकरांचा मुलगा जन्मला तेव्हा ते न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते. तिथूनच संघ वेस्ट इंडिजला गेला आणि मुलाचे तोंड पाहायला त्यांना तो दौरा संपण्याची वाट पाहावी लागली. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. डिसेंबर २०२० मध्ये विराट कोहली अॅडलेडची कसोटी आटोपून पत्नीच्या बाळंतपणासाठी घरी आला. त्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपलेला, त्यामुळे टीकाकारांना उकळ्या फुटल्या. उरलेल्या मालिकेत अजिंक्य रहाणेने संघ सांभाळला आणि भारत जिंकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्णधार रोहित शर्मा मुलाच्या जन्मामुळे पर्थच्या कसोटीला नव्हता. जसप्रीत बुमराच्या नेतृत्वाखाली तीही जिंकली. गल्लीतल्या पोरांनी यावर कट्ट्यावर वाद घातले. 'देश मोठा की पोरगं' इथपासून 'माझ्या बाबांना साहेबानं दोन दिवस दिले होते' इथपर्यंत. एखाद्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखाने जे साधले नसते ते त्या दोन रजांनी साधले: बाप होणे हे पुरुषाच्या कामाच्या वेळापत्रकात येते, ही गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्याच भाषेत कळली.

आपल्या थोरांच्या चरित्रांतला बाप मात्र पाठ्यपुस्तकांनी पुसून टाकला आहे. डॉ. आंबेडकर मुलांना माहीत असतात ते राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासाला उठवणारे, पुस्तकांसाठी विवाहित लेकींकडून दागिने मागून आणून सावकाराकडे ठेवणारे सुभेदार रामजी एखाद्या धड्यात भेटतातही. पण बाप झालेले आंबेडकर? त्यांची चार मुले लहानपणीच गेली. त्यातला राजरत्न गेला १९२६ च्या जुलैत; त्यानंतर महिनाभराने मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख जराही न लपवता मांडले आहे, पोराचे गुण आठवले आहेत, जगण्यातला रस गेल्याचे लिहिले आहे. पुढच्याच वर्षी ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. हे पत्र दहावीच्या मुलांना का वाचायला मिळू नये? बाप रडतो, आणि तरी त्याला जे करायचे ते करतो, हे समजायला फणसापेक्षा ते पत्र कितीतरी उपयोगाचे आहे.

राहता राहिले सरकार. मुलग्याने घराकडे पाहून जे शिकायचे ते शिकतोच, पण राज्यसंस्थाही त्याला काहीतरी सांगत असते. केंद्रीय कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. दीर्घ बालसंगोपन रजा पुरुषालाही मिळते, पण केव्हा, तर तो विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित असेल तेव्हा. म्हणजे घरात बाई असेतो पोरांना बापाची गरज पडत नाही, असे नियमावलीच सांगते. खासगी नोकरीत तर मालकाची मर्जी. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली ही मोठी गोष्ट, पण तिच्या शेजारी बापाचा रकाना रिकामाच राहिला. सरकारी प्रसूतिगृहात बाळंतिणीजवळ सोबतीण असावी अशी केंद्राची २०१६ ची सूचना आहे. नवऱ्याला आत घ्यायचे तर आडोशाची सोय हवी, आणि ती आपल्याकडच्या किती वॉर्डांत आहे हे ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे. म्हणून होऊ घातलेला बाप थर्मास धरून व्हरांड्यात उभा. भातुकलीतला तो पडद्यामागचा मुलगा मोठा होऊन नेमका तिथेच उभा राहतो.

मुलग्यांशी या गोष्टी बोलण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेच नाहीत असे नाही. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही संघटना तरुण मुलांमध्ये काम करते आहे. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'कोरो', 'टिस' आणि 'आयसीआरडब्ल्यू' या संस्थांनी स्त्री-पुरुष समतेचे वर्ग चालवले. अशा कामातून हे दिसले आहे की मुलगे बोलायला तयार असतात. त्यांना हसणार नाही असा एक मोठा माणूस समोर लागतो. तो प्रत्येक शाळेत असण्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले करण्याऐवजी आठवीच्या मुलग्यांना अंगणवाडीत तासभर पाठवता येईल, बाळाचे अंग पुसायला, भरवायला, झोपवायला शिकवता येईल. पहिल्या खेपेस पोरे खिदळतील. दुसऱ्या खेपेस एखादे बाळ कोणाच्या तरी खांद्यावर झोपून जाईल, मग खिदळणे थांबेल.

घरातल्या बापांना मात्र अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला भेटवस्तूची किंवा मिठीची घाई करू नये; तो अवघडेल. त्याला एवढे सांगावे की तू जन्मलास तेव्हा मी घाबरलो होतो, तुला पहिल्यांदा उचलताना मान धरायची असते हे मला ठाऊक नव्हते, अमुक वर्षी नोकरी गेली होती आणि मी घरी सांगितले नव्हते. आणि त्याच्या देखत घरातले एक तरी काम असे करावे की ज्याला कोणी 'मदत' म्हणणार नाही.

कायद्याचे काम लोकप्रतिनिधींचे. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी आणि असंघटित क्षेत्रातील बापांनाही पंधरा दिवसांची, आणि ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा मिळावी, असे त्यात होते. ते मंजूर झाले नाही; २०१९ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक गेले. सातवही २०२१ च्या मे महिन्यात गेले. आज नववीत असलेला मुलगा बाप होईल तोवर आणखी दोन-तीन लोकसभा निवडून येतील. ते विधेयक पुन्हा मांडायला एक खासदार पुरतो, आणि महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ जातात.